निवळ

कारेलीबागेतल्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारच्या प्रॅक्टिकलला मी दोन पुड्या बांधते.
एकीत बेरियम क्लोराइड, दोन पूर्णांक चव्वेचाळीस,
एकीत सोडियम सल्फेट, एक पूर्णांक सत्तर.
कनुभाई पंखा बंद करतात, तराजूची काच सरकवतात,
"बेन, श्वास धीमेथी," म्हणतात,
जणू माझ्या श्वासानेच काटा हलतो.

आधी कोण संपेल?
अख्खी बॅच एका सुरात: जे कमी आहे ते.
सव्वीस वर्षं हेच उत्तर.
वजनाला भुलू नका रे,
तराजूला जडपणा कळतो, डोकी मोजता येत नाहीत.
किलोभर शेंगदाणे, किलोभर साबुदाणा,
लावा पाहू जोड्या!
इथे एका बेरियमला एक सल्फेट, एवढाच करार.
भागा ज्याच्या त्याच्या रेणुभाराने,
बेरियमच्या अंगातलं पाणीही धरा, दोन रेणू.
इकडे मोलचा शंभरावा हिस्सा,
तिकडे त्याहून थोडं अधिक.
म्हणजे जड पुडीच आधी रिती.
दोघा-तिघांचे चेहरे फसवल्यासारखे होतात,
बाकीचे खिडकीतून सेव-उसळच्या गाडीकडे.

मग द्रावणं एकत्र.
पांढरं होतं ते इतक्या झटकन
की मागच्या बाकावरचेही उठतात.
साका खाली बसेपर्यंत मी हजेरी उरकते.
गाळणकागदाची चौघडी, फनेलला ओली चिकटवलेली.
घाई केलीत तर फाटेल,
आणि कनुभाई मला बोलतील, तुम्हाला नाही.
खाली थेंब थेंब उतरतं ते निवळ,
नळाच्या पाण्यासारखं.
कोणीही म्हणेल, संपलं.

दोन परीक्षानळ्यांत ते अर्धं अर्धं घ्या.
पहिलीत सल्फेटचा थेंब टाका:
काही नाही.
दुसरीत बेरियमचा:
वरून एक पांढरी शेपूट वळवळत उतरते
आणि तळापर्यंत सगळं गढुळतं.

"म्हणजे सल्फेट आतच होतं?" तस्नीम विचारते.
होतं.
"मग दिसलं का नाही?"
समोर कोणी आलं नव्हतं, असं ओठांवर आलेलं.
म्हटलं, विरघळलेलं दिसत नसतं. पुढचं लिहा.

दांडिया बाजारातलं बाबांचं स्टेशनरीचं दुकान विकलं
त्या दिवशी नंदन आणि मी बोललो ते शेवटचं.
अकरा दिवाळ्या झाल्या.
चकलीची भाजणी मी एकीच्या मापाने दळून आणते,
त्याची सायकल वॉचमनच्या मुलाला दिली,
राखीपौर्णिमेला सुट्टी असते तेव्हा पडदे धुते.
ना फोन, ना राग.
आरपार दिसेल इतकी स्वच्छ होते मी.
गेल्या मंगळवारी बँकेचा पोरगा आला,
हातात पाकीट, कपाळावर हेल्मेटचा वळ:
"नंदन शिर्के इथेच राहतात ना?"

लिफ्ट वर गेली, खाली आली, परत वर गेली.
मी दार धरून उभी.
त्याला पाणी दिलं की नाही, आठवत नाही.
सही केली, ती मात्र माझीच होती,
थोडी तिरकी.

शनिवारी जर्नलांचा गठ्ठा.
निरीक्षण, गणन, निष्कर्ष,
पानोपानी एकमेकांवरून उतरवलेलं,
चुकासुद्धा त्याच.
तस्नीमचं अक्षर गोल, गुजराती:
साका २.३३ ग्रॅम. बेरियम क्लोराइड पहेलां खूट्युं.
सल्फेट वध्युं, ०.२८.
आणि खाली, कोणी विचारलं नसताना:
राह जोतुं हतुं.

वाट बघत होतं, आपण म्हणू.
लाल पेन त्या ओळीवर गेलं,
कागदावर एक ठिपका उमटेपर्यंत थांबलं,
तसंच उचललं.

अर्धा गुण कापला मात्र.
०.२८ च्या पुढे
ग्रॅम लिहायचं राहिलं होतं.