टिचकी

उसिरु हिडीरि, म्हणाली शिवलीला सिस्टर,
मग त्याचं नाव वाचून : श्वास धरा मामा.
दोन्ही भाषांत मिळून त्यानं एकच श्वास धरला.

खानापूरचा लुमाण्णा कुंभार, वय बासष्ट.
नखांच्या कडेला मलप्रभेची माती,
स्पिरिटनं न निघणारी.
कावीळ झाली होती पंचवीस वर्षांमागं.
गावात सुई एकच होती, ती सगळ्यांना पुरायची.
झाडपाल्यानं गेली असं घरात ठरलं.
ती गेली नव्हती. यकृतात राहिली,
भाडं न देता हळूहळू मालक होत जाणाऱ्या कुळासारखी.

संमतीपत्र कानडीत आणि इंग्रजीत.
मराठी मी मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं लिहून दिलं :
शिरेतून बुडबुडे सोडू, रक्तपेशीहून लहान.
प्रत्येकाच्या अंगावर एक हुक,
नको तिथं उगवलेल्या रक्तवाहिनीलाच अडकणारा.
बाकीचे तुमच्या श्वासातून निघून जातील.
ही पद्धत अजून तपासली जात आहे. तुम्ही नाही म्हणू शकता.

त्यानं ओठ हलवत वाचलं.
'हुक'वर बोट ठेवून विचारलं,
मासं धरायचा व्हय?
तसलाच, म्हटलं.
मग त्यानं सही केली. लांबलचक, रेषेबाहेर जाणारी.

जेल पोटावर पडलं तसा तो शहारला.
काय ऐकूलासा मॅडम?
आवाज. तुम्हाला न मला ऐकू येणार नाही असला.

मग हे आमचंच काम की.
भट्टीतनं काढलं की आमी टिचकी मारतो.
चांगलं मडकं खण्ण म्हणतंय.
तडा असला की बद्द.
डोळ्याला दिसत न्हाई, पण तडा बोलतोय.

अकरा वर्षं शिकले मी हेच,
जाड पुस्तकांतून, परक्या शहरांत.
खण्ण.
बद्द.

औषध आत गेलं. मागोमाग सलाईन.
पडद्यावर आधी काहीच नाही,
मग वीज परत आल्यावर शहापूरच्या गल्ल्या उजळाव्यात
तशा फांद्या, उपफांद्या, बोळ.
सुंदर दिसतं ते. कुणाला सांगत नाही मी,
पण दरवेळी सुंदर दिसतं.
आणि मग वाट बघायची, वाहणारे वाहून जाईपर्यंत.
सिस्टरनं पंखा बारीक केला.
पाच मिनिटं. सात. पडदा काळवंडत गेला.
लुमाण्णा छताकडं बघत मोजत होता काहीतरी,
मातीच्या गाड्या असतील, नाहीतर नातवंडं.

आठव्या मिनिटाला, उजवीकडं खोल,
एक ठिपका गेला नाही.
भिजल्या हरभऱ्याएवढा.

मी जोराची लहर सोडून सगळे बुडबुडे फोडले.
ठिपका विझला आणि पुन्हा भरला नाही.
म्हणजे वाटसरू नव्हते ते.
अडकलेले होते.

रिपोर्टात एक रकाना असतो : सीमा.
स्पष्ट की अस्पष्ट, एवढंच लिहायचं.
या जिल्ह्यात वाढलेल्या बोटांना हा शब्द जरा जड जातो.
शाळेच्या भिंतीवर तो रात्रीत उगवायचा,
सकाळी चुन्याखाली जायचा,
चुना वाळला की आतून परत दिसायचा.
मी लिहिलं : स्पष्ट. शेजारी शिरकाव नाही.
अजून सुई पोचते तिथं, सुरी पोचते.
बायोप्सी उद्या, मग बोलू,
असं मनात ठरवून दार उघडलं.

तो व्हरांड्यात होता,
शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली,
पाण्याच्या माठापाशी वाकून.
टिचकी मारली. कान दिला.
ह्ये आमच्याकडचं न्हवं, म्हणाला. पण पक्कं हाय.

मग माझ्याकडं न बघता,
आणि माझं?

बसा, म्हणाले मी.
कुंदरि, म्हणाली शिवलीला, खुर्ची ओढत.
तो उभाच राहिला,
बोट अजून माठावर.