सड्यावरचे दोन पंखे

चाळकेवाडीच्या सड्यावर
मी शर्वरीबाईंचा टेप धरतो.
रोज चारशे रुपये, दुपारचा डबा त्यांचा.
काम एवढंच : सरड्याकडे सरळ चालत जायचं,
तो पळाला की थांबायचं,
मधलं अंतर मोजायचं.

वहीत दोन रकाने.
एक पवनचक्क्यांखालचा, एक पलीकडच्या मोकळ्या सड्याचा.
पलीकडचा माझी सावली हलली की दगडाखाली.
चक्कीखालचा मात्र
पाहुण्याकडे बघावं तसा बघत बसतो
माझी चप्पल पार जवळ येईस्तोवर.

एप्रिलात नर दगडावर चढून
गळ्याचा पंखा उघडतो :
निळा, काळा, मधे शेंदरी ठिणगी.
मादीला दिसावा म्हणून.
शिक्र्यालाही तोच दिसतो.
या दोघांच्या नजरांत
रंगाची घासाघीस किती पिढ्या चाललीय कोण जाणे.
फार भडक, तर नवरदेवच उरत नाही.
फार फिका, तर लग्न जमत नाही.
देशावर कुठंतरी याचा चुलतभाऊ आहे म्हणे,
त्याचा पंखा पांढरट.
तिथला सौदा वेगळा ठरला असेल.

वर मोठा पंखा गरगरतो.
शिक्रा, तिसा, घार, त्या बाजूला फारसं कुणी फिरकत नाही.
खाली सरडे मायंदाळ, किडे तेवढेच,
म्हणून अंगानं हडकलेले. रंगही जरा उतरलेला.

"जात बदलली म्हणायची का?" मी विचारलं.
"एवढ्यात नाही म्हणवत," बाई म्हणाल्या,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

ठकू झोरे मेंढरं थांबवून ऐकत होती.
"कुठला एडका ठेवायचा, कुठला इकायचा,
ते म्या ठरवती. ह्येंचं कोण ठरवतं?"

शर्वरीबाईंनी वर बघितलं.
मला वाटलं, आता देव म्हणतील.
म्हणाल्या, "आज जो आला नाही, तो शिक्रा."

ठकूला पटलं की नाही, कळलं नाही.
तिनं हाळी दिली, मेंढरं उतरणीला लागली.

मग गुरुवारी तो आला.
पात्यांच्या मधून कसा आला, दिसलं नाही.
माझ्या पुढचा दगड एकदम रिकामा,
टेप हातात तसाच उघडा.
या अंतराला वहीत रकाना नव्हता.

तीन हातांवरच्या दगडावरचा
मात्र आधीच खाली गेला होता.
भित्रा म्हणून त्याला आम्ही हसायचो.
पावसात पिल्लं निघतील, ती त्याची.