खापर

तिसरा रांजणही तडकला.
तिथेच. खांद्याखाली चार बोटं,
आडवी चीर, कुणी ओला दोरा आवळावा तशी
जवळजवळ पूर्ण फेरा.

अनझोर भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसला.
विटा अजून ऊन होत्या.
इमेरेतीतल्या या गावात क्वेव्री घडवणारी
चार घरं उरलीत,
बाकीच्या तिघांना संध्याकाळपर्यंत कळेलच.

पहिल्या वेळी त्यानं खापर फोडलं
मुर्मानच्या लाकडावर. ओलं होतं म्हणाला, नुसता धूर.
मुर्मान पुढे वर्षभर
रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा.
दुसऱ्या वेळी मातीवर.
म्हणून टेकडीमागून नवी आणली,
चाळली, तुडवली,
जिभेवर ठेवून चाखलीसुद्धा, बाप चाखायचा तशी.
आता वारा तेवढा उरला होता दोष द्यायला,
आणि त्या आठवड्यात
पानसुद्धा हललं नव्हतं.

पुतण्या म्हणाला, काका, छोट्या सुरया कर,
हमरस्त्याला मांड.
बसमधून उतरणारे
मांडीवर मावेल तेवढंच घेतात.
अनझोर म्हणाला, माणूस आत उभा राहील
एवढा रांजण. त्याहून लहान मला दिसत नाही.
यात बाणेदारपणा नव्हता.
चष्मा हरवलेला माणूस बोलतो, तसं बोलला.

दुसऱ्या दिवशी शिडी सोडून
तो फुटक्या रांजणात उतरला.
तीस वर्षं घडवतोय, पण भाजलेल्याच्या आत
मेण लावण्यापलीकडे कधी थांबला नव्हता.
बॅटरी दातात धरली.
तळापासून वर
प्रत्येक सांध्यावर अंगठ्याचे ठसे,
मक्याच्या कणसावर दाणे असावेत तसे दाट.
आणि बाराव्या वळीला
काही नाही. गुळगुळीत.
बाहेरून थापटलेली माती
आत नुसती टेकून बसलेली.
खालच्या वळीनं वरचीला धरलंच नव्हतं.

तो बाहेर आला, रांजणाला लागून उभा राहिला,
काठावरून हात आत टाकून पाहिला.
बाराव्या वळीपर्यंत पोचत नाही.
पूर्वीही पोचत नसणार.
मग आधीचे कसे टिकले?

अंगणात एक जुना होता, गळ्यापर्यंत पुरलेला,
यंदा रिकामा.
तो जमिनीवर पालथा पडला, डोकं आत घातलं.
बाराव्या वळीला ठसे होते.
निमुळते. नखाची कड अरुंद.

त्सियाला चार वर्षं इटलीत आहे,
बारी शहरात, एका म्हातारीला न्हाऊमाखू घालते.
छपराचे पैसे तिचे, मुलीच्या शिक्षणाचेही तिचेच.
फोनवर पहिल्यांदा हवापाणी झालं.
मग त्यानं विचारलं,
बाराव्या वळीला तू काय करायचीस?
काय करणार, तू बाहेरून थापटायचास,
मी शिडीवरून हात सोडून आतनं दाबायचे.
तुला वाटायचं, मी नुसता रांजण धरून ठेवते.
मागे कुणीतरी हाक मारत होतं.
ठेवते, म्हणाली.

परत ये म्हणावं, असं त्याला वाटलं का?
वाटलं असेल. म्हणाला नाही.
रात्री खूप वेळ
एक चिरलेली खापरी हातात घेऊन बसला,
तिच्या कडेवरून बोट फिरवत.
कुणाच्याच माथी न फोडलेली ती पहिली.

सकाळी मुर्मानच्या फाटकाशी गेला.
लाकूड ओलं नव्हतं, म्हणाला.
मुर्मान कुत्र्याला गप्प करत राहिला.
मग म्हणाला, एवढ्यासाठी आलास?
नाही. शिडीवर उभा राहशील का,
रोज थोडा वेळ, वळी चढेल तसा?
मुर्माननं आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला.
फार जाड आहे रे.
असू दे.

तीन महिने गेले. भट्टी विटांनी बंद केली आहे,
आज पाचवा दिवस.
मुर्मान त्याचंच लाकूड सारतोय आणि खोकतोय.
अनझोर फटीतून आत पाहत नाही.
आवारात पुढच्या रांजणाची
माती भिजत घातलीय.