हँडल

शेडचं दार सरकवायला दोन माणसं लागतात.
एक मी, दुसरा ड्वेन कोवालचिक.
त्याचा उजवा गुडघा पोलादाचा,
आणि दर शनिवारी तोच विनोद, की ते पोलाद
त्यानंच कधीतरी भट्टीतून काढलं होतं.

आत अकराशे अडतीस उभी.
शहरानं रूळ उखडले तेव्हा
ही ट्राम चाकं काढून विकली, चाळीस डॉलरला,
आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका टेकडीवर
हिच्यात सव्वीस वर्षं कोंबड्या नांदल्या.
आम्ही सहा हिवाळे खरवडत होतो.
चेरीचं लाकूड वर आलं त्या दिवशी
ड्वेनला विनोद सुचला नाही.
अजून बाकाच्या फटीतून एखादं पीस निघतं.
आम्ही ते परत आत सारतो.

चाकं भलत्याच शहराची, घंटा लिलावातली,
हँडल तर तिसऱ्याच गाडीचं.
सैल बसतं, म्हणून खाली
सार्डिनच्या डब्याचा पत्रा घातलाय.
पाहुण्यांना हे सांगत नाही.

आज अर्मा झेलेनाक आल्या. वय चौऱ्याऐंशी.
पायरी चढताना नातवाचा हात नाकारला,
आतला खांब न बघता अचूक धरला.
पर्समधून काढलं
भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं
पितळी हँडल.

"आई चालवायची ही. पुरुष लढाईवर होते तोवर.
मग कंपनीचं पत्र आलं, आभाराचं.
टोपी परत केली तिनं, कोटही, बटणं मोजून.
हे मात्र सापडत नाही म्हणाली.
आमच्याकडे नाताळचे अक्रोड यानंच फुटायचे."

मी पत्रा काढला.
हँडल बसवलं.
असं बसलं, की
ड्वेन दुसरीकडे बघू लागला.

दीड मैल रूळ आहेत आमचे,
पुढं नुसती झाडी.
तारेवर ठिणगी उडाली, खिडक्या थरथरल्या.
त्या बसल्या नाहीत. माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या,
आणि वळणाच्या अलीकडे, मला न विचारता,
पायानं घंटा दाबली. दोनदा.

रूळ संपतात तिथं
दोरी ओढून वरचा दांडा फिरवायचा,
बाकांच्या पाठी उलटवायच्या, खाट्, खाट्,
म्हणजे आलो ती वाट समोर येते.
नातवानं कानातल्या तारा खिशात घातल्या
आणि पाठी त्यानंच उलटवल्या.
हँडल घेऊन मी दुसऱ्या टोकाला निघालो
तर त्यांनी हात पुढे केला.
वीस पावलं असतील. सावकाश चालल्या.

शेडमध्ये ड्वेननं धीर करून विचारलं,
हे इथं ठेवाल का, काचेच्या कपाटात,
आईच्या नावाची पाटी लावू.
त्यांनी फडकं पसरलं, नीट गुंडाळलं.
"गाडी सोडताना हँडल बरोबर न्यायचं," म्हणाल्या,
"नियम आहे."

सार्डिनचा पत्रा सापडायला
मला बराच वेळ लागला.
दार ओढताना ड्वेन म्हणाला,
पुढच्या शनिवारी
अक्रोड आणतो.