पट्टा

माझं काम पट्टा धरायचं.
बर्नार्ड कॅमेरा खांद्यावर घेऊन उलटा चालतो,
मी त्याच्या पाठीशी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे,
तोंड रस्त्याकडे, उजवा हात मागे,
बोटं त्याच्या कमरपट्ट्यात अडकवलेली.
खड्डा आला की एकदा ओढायचं.
गतिरोधक आला की दोनदा.
बोलायचं नाही.
बावीस वर्षांत गाणाऱ्याचं तोंड
गाताना मी पाहिलेलं नाही.
मी पाहतो तो रस्ता, गाणं पोचण्याआधीचा.

दारूखान्यात पहाटे पाचला पोचलो.
दोन्ही बाजूंना जहाजांचे तुकडे,
नांगर, साखळ्या, गोल खिडक्यांची चळत,
कुण्या कप्तानाच्या न्हाणीघराचं दार,
कडीसकट, अजून पांढरं.
मुलगी मानखुर्दची. मेहजबीन. एकोणीस पूर्ण.
बूट भाड्याचे, एक नंबर मोठे,
तळव्यांना चिकटपट्टी लावलेली,
झिजले तर तिच्या पैशातून कापणार.

गाणं दुप्पट वेगानं वाजवतात,
हे बघणाऱ्यांना माहीत नसतं.
पडद्यावर ती सावकाश येते ना,
केसांची एकेक बट सवडीनं उडवत,
जशी सबंध सकाळ तिच्या नावावर केलेली,
तेव्हा ती जवळजवळ धावत होती,
ओठ शिलाई मशीनसारखे,
आणि स्पीकरमधून चिमण्यांचं भांडण.

रस्ता दोन्ही टोकांना अडवलेला.
'दोन मिनिटं काका, दोनच मिनिटं.'
काकांच्या हातात दुधाची किटली.
एक बाई हंडा कमरेवर, नळाची वेळ टळते म्हणून चुळबुळत.
दप्तर पोटावर घेतलेला एक पोरगा.
हातगाडीवर सळया, टोकाला लाल चिंधी.
सगळे माझ्याकडे बघतात,
त्यांच्याकडे चालत येणारा पहिला मीच असतो ना.
मागे ती गातेय, हा रस्ता माझा, हा रस्ता माझा.
काका म्हणाले, घे बाई, तुझाच,
पण दूध नासेल.

सहाव्या टेकला बर्नार्ड ओरडला, कट.
गाणं थांबलं. ती थांबली नाही.
आधी तिचा श्वास आला,
मग सुटलेल्या चिकटपट्टीची चरचर,
मग ती स्वतः,
माझ्या डाव्या खांद्याला घासून पुढे.
मी पट्टा सोडला. पहिल्यांदाच
माझ्यापुढे कुणीतरी होतं.
लंगडत होती.
हातगाडीवाल्यानं दांडा वळवून वाट दिली.
एका नांगरावर बसून तिनं बूट काढले,
टाच सोललेली, मोजा आत चिकटलेला.
हंडेवाली काही न बोलता
फुंकर घालायला खाली वाकली.
असिस्टंट धावत आला, म्हणाला, मॅडम, ऊन चढतंय.
काकांनी किटलीचा हात वर केला.
'दोन मिनिटं.'

मग सातवा, आठवा.
तिसरा ठेवला म्हणे शेवटी.

दिवाळीनंतर भाच्याच्या मोबाइलवर पाहिलं.
ती येतेय, येतेय, कुठे काही दुखत नाही.
गोल खिडकीच्या काचेत क्षणभर
मागे वळलेला एक हात जातो.
बायको म्हणाली, कुठे? मी परत लावलं.
ती म्हणाली, असेल.

गाणं मात्र मला ओळखूच आलं नाही.
मी चिमण्यांची वाट बघत होतो.
इतकं हळू होतं ते,
आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,
इतकं उदास.