खारी शाई

सावळापूरच्या विहिरींचं पाणी खारं.
शाईची पुडी त्यातच कालवायचो मी,
म्हणून पत्र वाळलं
की अक्षरांच्या कडेला पांढुरकी रेघ उमटायची.
पोस्टातला शेख मन्नान पाकीट न फोडता ओळखायचा,
"मुनशीजी, आज कोणाच्या बाजूनं?"

त्या साली कौन्सिलच्या अध्यक्षपदाला दोघं उभे.
जिनाच्या ओट्यावर आनंदराव कडू,
नदीपल्याड वकिलीच्या गादीवर विश्वनाथपंत सांबारे.
मेंबर एकोणीस. नऊ इकडे, नऊ तिकडे,
आणि एक मधला
चिंधूजी म्हसाळ, मौजे बोरखेडी,
अंगठ्याचा धनी.

सकाळी आनंदराव सरकीच्या ढिगाला टेकून सांगायचे,
"लिही त्या म्हसाळाले, मागच्या साली
तुही बैलजोडी कोंडवाड्यातून कोणं सोडवली?
इसरला का लेका?"
मी लिहायचो :
कृतानेक नमस्कार विनंती विशेष.
आपला आमचा घरोबा जुना, तो स्मरणात असावा.

संध्याकाळी पंत पान लावत बोलायचे,
शब्दागणिक चुना थोडा थोडा,
"कळवा त्यांना, रस्त्यांच्या कामांची यादी
अद्याप आमच्याच दप्तरी आहे."
त्याचंही शेवटी मी तेच करायचो.
लोभ असावा ही विनंती.

पत्राला एक आणा, गुप्त असेल तर दोन.
ते दोन महिने सगळीच गुप्त होती.

मग एक दिवस चिंधूजीनं मलाच दमणी पाठवली.
गोठ्यासमोर बाज. उशाखालून काढली त्यानं
अकरा पाकिटं.
"वाचा."
माझंच अक्षर, दोन्हीकडचं.
वाचत गेलो. कडूंसाठी आवाज जाडा केला,
पंतांसाठी बारीक,
आणि सातव्या पत्रापाशी लाज वाटून
दोघांसाठी एकच.
तो मान हलवत होता,
कापूस बोटांत चोळून धागा पाहावा तसा.
"अक्षर बाकी चांगलं हाय दोघायचंही."
तो हसला नाही. मीही नाही.

"आता उत्तर लिवा."
काय लिहू?
"पत्र पोचलं."
एवढंच?
"दोघायलेही एवढंच."

कडूंनी ते वाचून पेढ्यांची वर्दी दिली.
पंत चष्मा पुसून पुसून
'पोचलं'पुढच्या पूर्णविरामाकडे तासभर बघत राहिले,
आणि तेही खूश झाले.

मतदानाला चिंधूजी आला कडूंच्या दमणीतून,
बैलांच्या शिंगांना गोंडे.
जेवला पंतांच्या बिऱ्हाडी.
हात वर झाला तेव्हा दहा विरुद्ध नऊ,
पंत अध्यक्ष.
परतीला दमणी नव्हती.
धोतर खोचून चिंधूजी पायीच निघाला
बोरखेडीच्या चिखलवाटेनं,
सावकाश, रस्ता मोजत असल्यासारखा.

अक्षर चांगलं म्हणून पंतांनी मला कचेरीत घेतलं.
वैशाखात दप्तर लावताना एक कागद हाती आला.
जिनाच्या पावतीची पाठकोरी बाजू,
शिसपेन, शाळकरी वळण,
ओळ उजवीकडे घसरत गेलेली.
चिंधूजीची नात तिसरीत होती. तिचंच असणार.

"बोरखेडी ते सावळापूर मुरूम टाकायचा ठेका
माह्या जावयाले.
मंग हात तुमचा.
मुनशिले सांगू नका,
तो दोहीकडचा हाय."

तारीख पाहिली.
मी बाजेवर बसून आवाज बदलत होतो
त्याच्या चार दिवस आधीची.

बाहेर कोणी पाण्याचा माठ भरत होतं.
'मुनशि' ऱ्हस्व लिहिला होता पोरीनं.
टाक बुडवून मी तो दीर्घ केला,
क्रमांक घातला, फायलीत लावला.
वाळल्यावर तेवढ्याच वेलांटीला
पांढरी कड आली.