प्रकाशा, परतीची एसटी साडेपाचला

शहाद्याहून निघताना कोकिळानं
पिशवीत चार पेरू टाकले,
आणि मिठाची पुडी, कालच्या पेपरची.
घाटावर चपला मांडीवर घेऊन बसलो आम्ही,
पाय तापीत.
बंधाऱ्यानं पाणी इतकं रुंद केलंय
की पलीकडचा माणूस हाक मारतो की शिवी देतो,
कळत नाही.

"हाई पानी सुरतले जास ना? समुद्रमा?"
जातं म्हटलं.
तिनं बोट बुडवून चाखलं.
"आजून खारं नही शे."

नावाडी वीस म्हणाला, ती पंधरावर अडली,
नाव गेली.
पेरू संपले, मीठ उरलं.
एसटीचा हॉर्न ऐकू आला तरी
ती शेवटच्या पायरीवर वाकलेली,
पुडी झटकत,
सगळं मीठ पाण्यात.